थांबलेल्या हवेत वाढणारा दाब: छोट्या एअर रेग्युलेटरच्या परत परत येणाऱ्या तक्रारीचा माग

स्वयंचलित यंत्रांवर मॅनिफोल्डला (अनेक वाटांना हवा वाटून देणाऱ्या ठोकळ्याला) किंवा थेट सिलिंडरजवळ बसणारे जे छोटे, म्हणजे एम५ ते १/४ इंच पोर्टचे, एअर रेग्युलेटर (लाइनचा दाब कमी करून लावलेल्या आकड्यावर धरून ठेवणारी उपकरणे) असतात, त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार एका वाक्यात मांडता येते: लावून दिलेला दाब टिकत नाही. तक्रार आली की मेंटेनन्सचा माणूस नॉब फिरवून काटा पूर्वीच्या जागी आणतो, पुन्हा आली की रेग्युलेटर बदलतो, आणि काही आठवड्यांनी नवा रेग्युलेटरही तसाच वागू लागला की दोष त्या मॉडेलवर किंवा कॉम्प्रेसरवर टाकून मोकळा होतो. दाब किती बदलला हे सगळे सांगतात. तो कधी बदलला, हवा वाहत असताना की थांबलेली असताना, हे मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते, आणि माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा तिथेच असते. खाली एका स्टेशनची हकिकत सविस्तर दिली आहे, कारण तिथे आम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या बिघाडाला जागा करून देत गेली.

स्टेशन आणि तक्रार

प्लास्टिकचे दोन भाग अॅडेसिव्हने जोडणारे ते स्टेशन होते. २० मिमी व्यासाचा सिलिंडर वरचा भाग खालच्या भागावर ४० सेकंद दाबून धरत असे आणि मग जिग, म्हणजे भाग ज्यात बसवलेले असतात तो साचा, पुढे सरकत असे. लाइनचा दाब ६ बार होता आणि सिलिंडरच्या दाबणाऱ्या बाजूला रेग्युलेटरने तो २ बारवर आणलेला होता. २० मिमी व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी भरते आणि २ बार म्हणजे प्रत्येक चौरस मिमीवर ०.२ न्यूटन, तेव्हा घर्षण सोडले तर दाबण्याचे बल सुमारे ६३ न्यूटन होते. अॅडेसिव्हचा थर ठरलेल्या जाडीचा राहण्यासाठी एवढेच बल लागत होते. ते ८० न्यूटनच्या पुढे गेले की अॅडेसिव्ह कडेने बाहेर येई आणि ४५ च्या खाली गेले की सांधा सैल राही.

क्वालिटीकडून दोन्ही प्रकारचे तुकडे नापास होऊन येत होते, कधी बाहेर आलेले अॅडेसिव्ह, तर कधी सैल सांधा, आणि हीच गोष्ट सर्वांना गोंधळात टाकत होती. एकाच दिशेने सरकणारा दोष शोधायला सोपा असतो. दोन्ही दिशांना जाणारा दोष दिसला की माणसे ‘दाब अस्थिर आहे’ असे म्हणून विषय संपवतात. या शब्दाने काहीच कळत नाही, आणि तरीही आमच्या नोंदवहीत तो किमान पाच-सहा वेळा लिहिलेला सापडला.

त्या जागेचा मागचा इतिहास असा होता. सुरुवातीला तिथे रिलिव्हिंग प्रकारचा रेग्युलेटर होता, म्हणजे ज्याच्या बाहेरच्या बाजूचा दाब लावलेल्या दाबाहून वर गेला तर जास्तीची हवा आतल्या लवचीक पडद्याच्या मधल्या छिद्रातून बॉनेटमध्ये (नॉबखालच्या, स्प्रिंग असलेल्या टोपणात) आणि तिथून वातावरणात सोडून दिली जाते. त्या रेग्युलेटरच्या बॉनेटच्या छिद्रातून सतत बारीक फुसफुस येऊ लागली. हवेची गळती शोधण्याच्या एका फेरीत ती कोणाच्या तरी कानावर आली, रेग्युलेटर खराब ठरवला गेला आणि त्याच्या जागी त्याच मापाचा पण नॉन-रिलिव्हिंग रेग्युलेटर बसवण्यात आला. त्या प्रकारात जास्तीची हवा बाहेर सोडण्याची सोयच नसल्याने फुसफुस बंद झाली आणि गळतीच्या यादीतली ती ओळ खोडली गेली. अॅडेसिव्हच्या तक्रारी त्यानंतर सुरू झाल्या, पण दोन्ही गोष्टींचा संबंध जोडायला आम्हाला तीन महिने आणि आणखी दोन रेग्युलेटर लागले.

धागा कुठे सापडला

नापास तुकड्यांच्या वेळा आणि पीएलसीमधल्या (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकातल्या) थांब्यांच्या नोंदी एकमेकांशेजारी ठेवल्यावर चित्र बदलले. पुढचे स्टेशन काही कारणाने थांबले की जिग पुढे सरकू शकत नसे, आणि तोपर्यंत आमचा सिलिंडर तुकडा दाबूनच धरून ठेवी. ४० सेकंदांची पकड अशा वेळी १०-१५ मिनिटांची होई. अॅडेसिव्ह बाहेर आलेले जवळजवळ सगळे तुकडे अशा थांब्यांतले होते. सैल सांध्यांचे तुकडे थांब्यानंतर लगेच, एखाददुसरा नव्हे तर ओळीने आलेले होते, आणि कोणीतरी नॉब पुन्हा वर फिरवला की ते येणे थांबलेले दिसे.

मग लाइन मुद्दाम थांबवून आम्ही गेजकडे पाहत उभे राहिलो. काटा २ बारवर होता. मिनिटभरात काहीही हलले नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला काटा किंचित सरकल्यासारखा वाटला आणि दहाव्या मिनिटाला तो २.६ बारवर होता. तेव्हा सिलिंडरचे बल ६३ वरून सुमारे ८२ न्यूटनवर गेलेले होते.

याला क्रीप म्हणतात. रेग्युलेटरच्या आत स्प्रिंग एका बाजूने पडद्याला ढकलते, बाहेरच्या बाजूचा दाब दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही बले समान झाली की पडद्याला टेकलेला छोटा व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे बसण्याच्या कडेवर, बसून इनलेट बंद करतो. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसला नाही, मध्ये एखादा तंतू किंवा कण राहिला, तर ६ बारची हवा थेंबाथेंबाने २ बारच्या बाजूला झिरपत राहते. हवा वाहत असते तेव्हा हे झिरपणे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती हवा कामी येऊन जाते. बाहेरची बाजू बंद असते तेव्हा मात्र ती साठत जाते.

झिरपणारी हवा किती कमी असते याचा हिशेब इथे करून पाहण्यासारखा आहे. २५ मिमी स्ट्रोकच्या त्या सिलिंडरमध्ये जवळपास ८ मिलीलिटर जागा होती, आणि ४ मिमी बाह्य व २.५ मिमी आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत ५ मिलीलिटर; एकूण १३. एवढ्या जागेत दाब ०.६ बारने वाढायला वातावरणाच्या दाबाची जेमतेम ८ मिलीलिटर हवा आत यावी लागते. दहा मिनिटांत ८ मिलीलिटर म्हणजे मिनिटाला १ मिलीलिटरहूनही कमी. ही गळती कानाला ऐकू येत नाही, आणि ती आतल्या आतच होत असल्याने साबणाच्या पाण्यातही दिसत नाही. त्याच वेगाने ४० सेकंदांत दाब फक्त ०.०४ बारने वाढतो, म्हणून नेहमीच्या चक्रात सगळे ठीक दिसत होते. छोटा रेग्युलेटर, बारीक नळी आणि छोटा सिलिंडर यांची ही अडचणच आहे: बाहेरची जागा इतकी कमी असते की नगण्य झिरपही दाबात दिसून येते. हाच रेग्युलेटर १० लिटरच्या टाकीवर बसवला असता तर त्याच्या सीटवरचा तंतू कोणाला वर्षभर कळला नसता.

सैल सांधे कुठून आले

आता दुसऱ्या दिशेचा दोष. थांब्याच्या वेळी काटा २.६ वर गेलेला पाहून यंत्र चालवणारा नॉब उलटा फिरवत असे. रिलिव्हिंग रेग्युलेटर असता तर नॉब फिरवताच जास्तीची हवा छिद्रातून निघून काटा खाली आला असता. नॉन-रिलिव्हिंग रेग्युलेटरमध्ये बाहेरची बाजू बंद असताना नॉब कितीही उलटा फिरवला तरी आत अडकलेल्या हवेला जायला वाटच नसते, त्यामुळे काटा हलत नाही. माणूस आणखी फिरवतो. काटा तरीही हलत नाही. मग लाइन सुरू होते, सिलिंडर मागे जातो, साठलेली हवा निघून जाते, आणि पुढच्या चक्रात दाब नॉबच्या खऱ्या स्थितीप्रमाणे १.३ किंवा १.४ बारवर येतो. १.४ बारला या सिलिंडरचे बल ४४ न्यूटन होते, म्हणजे सैल सांध्याच्या हद्दीत.

अर्थात चूक त्या माणसाची नव्हती. समोरचा काटा जे सांगत होता त्यावर त्याने योग्य तीच कृती केली होती. त्या जागी चुकीच्या प्रकारचे उपकरण बसवले होते ते आम्ही. नॉन-रिलिव्हिंग प्रकाराला स्वतःची जागा आहे: बाहेर सुटणारा वायू आसपास चालणार नसेल, किंवा बाहेरच्या बाजूने हवा सतत वाहतच असेल, तिथे तो योग्य ठरतो. बंद टोकाच्या, कमी जागेच्या आणि दाब कमी-जास्त करावा लागणाऱ्या सर्किटमध्ये तो बसवू नये, आणि फुसफुस बंद करण्यासाठी तर कधीच बसवू नये.

तंतू आला कुठून

काढलेले रेग्युलेटर नशिबाने टाकून दिलेले नव्हते. अनेक छोट्या रेग्युलेटरमध्ये तळाचा प्लग उघडला की व्हॉल्व्ह आणि त्याची लहान स्प्रिंग बाहेर येते. काही मॉडेल मात्र उघडण्यासाठी बनवलेलीच नसतात आणि ती जबरदस्तीने उघडू नयेत. आमचे तिन्ही उघडले. तिन्हींच्या सीटवर किंवा व्हॉल्व्हच्या रबरावर पांढरा, केसासारखा तंतू होता. टेफ्लॉन टेप.

टेप कुठून आला हे कळल्यावर काही क्षण कोणीच बोलले नाही. रेग्युलेटरच्या इनलेट पोर्टमध्ये बसणाऱ्या फिटिंगच्या आट्यांवर प्रत्येक वेळी नवा टेप गुंडाळला जात होता, तोही पहिल्या आट्यापासून, आणि फिटिंग आवळताना टेपची कड कापली जाऊन आत ढकलली जात होती. म्हणजे रेग्युलेटर बदलण्याच्या कामातच पुढच्या रेग्युलेटरचा बिघाड आत घातला जात होता. कधी तुकडा लगेच सीटवर जाऊन बसे, कधी दोन-तीन आठवडे कुठेतरी अडकून राहून मग सुटे; ‘नवा रेग्युलेटर काही आठवडे चांगला चालतो’ या अनुभवाचे स्पष्टीकरण एवढेच होते.

यंत्राच्या सुरुवातीला ५ मायक्रॉनचा फिल्टर होता आणि त्यावर विसंबून आम्ही घाणीची शक्यता आधीच बाद केली होती. आयएसओ ८५७३-१ या मानकात दाबलेल्या हवेची शुद्धता कण, पाणी आणि तेल अशा तीन आकड्यांच्या वर्गात सांगतात, आणि आमच्या हवेचा वर्ग कागदावर उत्तम होता. पण फिल्टरच्या पुढे जोडलेल्या प्रत्येक फिटिंगमधून, कापलेल्या प्रत्येक नळीच्या टोकातून आणि आटे पाडलेल्या प्रत्येक ब्लॉकमधून जी घाण आत जाते, तिच्यासमोर मागचा फिल्टर काहीच करू शकत नाही.

चाचणी कशी घ्यावी

आता आम्ही अशा प्रत्येक तक्रारीत नॉबला हात लावण्यापूर्वी एक चाचणी घेतो. रेग्युलेटरच्या लगेच पुढे एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि त्यापुढे छोटा बॉल व्हॉल्व्ह जोडायचा आणि गेज टीवर, म्हणजे रेग्युलेटर आणि बॉल व्हॉल्व्ह यांच्या मध्ये, ठेवायचा. पुढची बाजू वातावरणात उघडी ठेवून थोडी हवा वाहू द्यायची, वाचन लिहायचे, मग व्हॉल्व्ह बंद करायचा. बंद करताच दाब थोडा वर उडी मारून तिथेच थांबला तर ते रेग्युलेटरचे साधे वागणे आहे, कारण व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बसण्यासाठी थोडा जास्तीचा दाब लागतोच. उडीनंतरही काटा सरकतच राहिला तर सीट झिरपते आहे. हा फरक पाहायला किमान १५ मिनिटे थांबावे लागते, आणि तेवढे कोणी थांबत नाही, म्हणून हा दोष लपून राहतो.

रिलिव्हिंग रेग्युलेटरवर हीच चाचणी थोडी वेगळी दिसते. झिरपणारी हवा दाब थोडासा वाढवते, मग पडद्याचे छिद्र उघडते आणि दाब लावलेल्या दाबाच्या जरा वर स्थिर होतो. तक्रार गेजवर न दिसता बॉनेटच्या छिद्राजवळ ऐकू येते. बोटाला साबणाचे पाणी लावून ते छिद्रावर धरले तर बुडबुडा धरतो. आमची पहिली फुसफुस हीच होती: सीटवर घाण असल्याची सूचना. आम्ही ती सूचना देणारे तोंडच बंद केले.

मात्र छिद्रातून हवा येते म्हणजे सीटच खराब आहे असेही धरून चालू नये. पडदा फाटला असेल तरी हवा येते, आणि तेव्हा सहसा लावलेला दाबही टिकत नाही. तिसरे कारण जास्त फसवे आहे: दोन वेगवेगळ्या दाबांवर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये, समजा पुढे जाताना ६ बार आणि मागे येताना २ बार, पिस्टनचे सील झिजले तर ६ बारची हवा पलीकडे जाते. हवा सिलिंडरच्या कोणत्या बाजूला जायची हे ठरवणाऱ्या दिशा नियंत्रण व्हॉल्व्हच्या रचनेनुसार ती २ बारच्या रेग्युलेटरपर्यंत पोहोचू शकते आणि तो इमानदारीने ती बाहेर सोडू लागतो. मॅनिफोल्डमधल्या व्हॉल्व्हच्या स्पूलचे (आत सरकणाऱ्या दांड्याचे) सील गेले तरी असेच होते. ओळखण्याची रीत सोपी आहे: रेग्युलेटरची पुढची नळी काढून पोर्टला प्लग लावावा. फुसफुस थांबली तर हवा पुढून येत होती. चालूच राहिली तर दोष रेग्युलेटरच्या आत आहे.

आणखी एक गोष्ट या चाचणीत गोंधळ घालते, ती तापमान. बंद जागेतली हवा गरम झाली की दाब वाढतो. २ बारवर, म्हणजे निरपेक्ष ३ बारवर, तापमान १० अंशांनी वाढले तर साधारण ०.१ बारची भर पडते. हीटरशेजारच्या किंवा नुकत्याच सुरू केलेल्या यंत्रावर चाचणी घेताना हे लक्षात ठेवावे.

याउलट थांबलेल्या हवेत दाब खाली येताना दिसला तर गळती शोधत बसण्यापूर्वी इनलेटचा दाब पाहावा. पुढे गळती असली तरी इनलेट चालू असेपर्यंत रेग्युलेटर ती भरून काढतो. काटा खाली येतो तेव्हा बहुधा मागचा दाबच लावलेल्या दाबाच्या जवळ किंवा खाली आलेला असतो, किंवा नॉबचे कुलूप उघडे राहून कंपनाने तो फिरलेला असतो.

हवा वाहत असतानाचे बदल

वर सांगितलेला सगळा प्रकार थांबलेल्या हवेतला झाला. सिलिंडर हलताना किंवा व्हॅक्यूम इजेक्टर (दाबाच्या हवेवर निर्वात तयार करणारे उपकरण) चालू होताना दाब पडत असेल तर तो दुसराच विषय आहे आणि त्यात सीट उघडून काही हाती लागत नाही.

हवा वाहायची तर व्हॉल्व्ह उघडायला हवा, व्हॉल्व्ह उघडायचा तर स्प्रिंग सैल व्हायला हवी, आणि स्प्रिंग सैल झाली की ती कमी दाबाशीच तोल साधते. याला ड्रूप म्हणतात आणि तो प्रत्येक स्प्रिंगच्या रेग्युलेटरमध्ये असतो. समजा पडद्याचा परिणामी व्यास १२ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी, आणि स्प्रिंगचा कडकपणा दर मिमीला ८ न्यूटन आहे. व्हॉल्व्ह अर्धा मिमी उघडला की स्प्रिंगचे बल ४ न्यूटनने घटते आणि दाब सुमारे ०.३५ बारने पडतो. ६ बारच्या कामात हे चालून जाते, पण १.५ बारच्या कामात तो जवळजवळ चौथा हिस्सा झाला. म्हणून कमी दाबाच्या कामाला ०–८ बारचा नव्हे, तर मऊ स्प्रिंगचा, ०–२ किंवा ०–४ बार पल्ल्याचा रेग्युलेटर घ्यावा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि स्टोअरमधून हाताला लागेल तो बसवला जातो.

ड्रूप भरून काढण्यासाठी नॉब वर फिरवणे हा सर्वत्र आढळणारा उपाय आहे आणि तो चुकीचा आहे, कारण त्यामुळे हवा थांबल्यावरचा दाब तेवढाच वर जाऊन बसतो. ड्रूप जास्त वाटत असेल तर आधी रेग्युलेटरच्या इनलेटवर गेज लावून यंत्र चालवून पाहावे. अनेकदा तिथेच दाब कोसळताना दिसतो: शेजारचा मोठा सिलिंडर त्याच नळीवर असतो, किंवा मॅनिफोल्डला जाणारी नळीच बारीक असते. ४ मिमी नळीचा आतला व्यास २.५ आणि ६ मिमी नळीचा ४ मिमी धरला तर मोठ्या नळीचा छेद अडीचपट भरतो, म्हणजे नळी एका मापाने वाढवल्याने जे होते ते महागडा रेग्युलेटर घेऊनही होत नाही. लावलेला दाब इनलेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवला तरच रेग्युलेटरला काम करायला वाव राहतो.

इनलेट पडला की आउटलेट थोडा वाढताना दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नये. समतोल नसलेल्या साध्या व्हॉल्व्हला मागचा दाब बंद व्हायला मदत करत असतो; ती मदत कमी झाली की व्हॉल्व्ह अंमळ जास्त उघडा राहतो. सीटचा व्यास ४ मिमी आणि पडद्याचा १२ मिमी असेल तर क्षेत्रफळांचे प्रमाण १:९ येते, म्हणून इनलेट २ बारने पडल्यावर आउटलेट सुमारे ०.२ बारने चढतो. पडदा २० मिमीचा असता तर हाच फरक ०.०८ बार राहिला असता. आकार लहान करण्याची किंमत अशी मोजावी लागते.

रेग्युलेटर दिशा नियंत्रण व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्या मध्ये बसवलेला असेल तर परत येणारी हवा त्याच्यातून उलटी जावी लागते. त्यासाठी चेक व्हॉल्व्ह असलेलाच रेग्युलेटर हवा. तो नसेल तर सिलिंडर परत यायला वेळ लावतो आणि सगळे जण फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह फिरवत बसतात.

विद्युत संकेतावर चालणाऱ्या रेग्युलेटरची तऱ्हा निराळी असते. त्यातला सेन्सर दाब मोजतो आणि आतले दोन छोटे सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा भरतात किंवा सोडतात, त्यामुळे सीटवरची घाण तिथे वाढत्या दाबाऐवजी सतत येणाऱ्या टिकटिक आवाजाच्या रूपात कळते: झिरपलेली हवा सोडण्यासाठी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह परत परत उघडत असतो.

गेजबद्दल

आमच्या स्टेशनवरचा गेज ०–१० बारचा, २.५ अचूकता वर्गाचा होता. हा वर्ग पूर्ण पल्ल्याच्या टक्क्यांत मोजतात, म्हणजे तो गेज कुठेही ०.२५ बारने चुकला तरी नियमात बसतो. २ बारच्या कामात हा साडेबारा टक्के फरक झाला, आणि दोन पाळ्यांत दोघांनी तिरकस उभे राहून तो वाचला तर त्यात आणखी भर पडते. आम्ही त्याऐवजी ०–४ बारचा १.६ वर्गाचा गेज लावला, ज्याची चूक जास्तीत जास्त ०.०६४ बार असू शकते आणि २ बारला ज्याचा काटा बरोबर मध्यावर येतो. दाब लावताना तो नेहमी खालून वर आणतो, कारण २.२ वरून २ वर उतरवलेला दाब आणि १.८ वरून २ वर चढवलेला दाब आतल्या घर्षणामुळे हवा वाहू लागल्यावर सारखा राहत नाही.

शेवटी काय केले

कमी पल्ल्याच्या स्प्रिंगचा रिलिव्हिंग रेग्युलेटर बसवला. इनलेटच्या फिटिंगला टेप लावणे बंद करून आट्यांवर आधीच सीलंट लावून येणाऱ्या फिटिंग घेतल्या, आणि एम५ पोर्टवर गॅस्केटच्या. नळी जोडण्यापूर्वी तिचे टोक मोकळे सोडून काही सेकंद हवा फुंकून घेण्याची सवय लावली, अर्थात टोक कापडात धरून आणि डोळ्यांना चष्मा लावून. पीएलसीमध्येही बदल केला: पुढचे स्टेशन थांबलेले असले तरी ठरलेला वेळ संपला की सिलिंडर दाब सोडतो आणि जिग जागेवर उभी राहते. खरे तर हा बदल सगळ्यात आधी सुचायला हवा होता, कारण त्याने रेग्युलेटर कसाही वागला तरी तुकडा वाचतो.

रेग्युलेटर उघडण्याच्या कामाबद्दल एक गोष्ट पाळावीच लागते. मुख्य हवा बंद केली म्हणजे रेग्युलेटरच्या पुढची हवा गेली असे होत नाही. नॉन-रिलिव्हिंग प्रकारात ती सिलिंडरमध्ये अडकून राहू शकते आणि नळी काढताच सिलिंडर अचानक हलतो. म्हणून पुढची बाजू स्वतंत्रपणे मोकळी करायची, गेज शून्यावर आलेला पाहायचा, नॉब पूर्ण सैल करायचा आणि मगच तळाचा प्लग काढायचा. सीट पुसायला तंतू न सुटणारे कोरडे कापड पुरते. थिनरसारखे द्रावक रबराला लावू नये.

सहा महिन्यांनी एका सकाळी त्या नव्या रेग्युलेटरच्या छिद्रातून पुन्हा बारीक फुसफुस ऐकू आली. या वेळी कोणी तो बदलला नाही. पुढची नळी काढून पोर्टला प्लग लावला, आवाज चालूच राहिला, तळाचा प्लग उघडला तेव्हा सीटवर निळ्या प्लास्टिकची एक कपची सापडली. आदल्या दिवशी इनलेटची निळी नळी बदलली होती, आणि ती नळी कापायच्या कटरने न कापता पक्कडीने तोडली होती.